इव्हान्स गॅम्बिट खेळायला शिकताय? चौथ्या खेळीआधी हे वाचा

बुद्धिबळातली इटालियन सुरुवात बहुतेकांना येते: राजासमोरचं प्यादं, घोडा, उंट. पण तिसऱ्या खेळीनंतर दोन्ही बाजू डी३, डी६, एच३, एच६ करत बसतात आणि पंधराव्या खेळीपर्यंत पटावर काहीच घडत नाही. याचा कंटाळा आला असेल तर चौथ्या खेळीला बी४ खेळून बघा. फुकटचं प्यादं देऊन टाकायचं आणि बदल्यात वेळ घ्यायचा, हाच इव्हान्स गॅम्बिट.

हा गॅम्बिट सापळा नाही, हे आधीच सांगतो. इंटरनेटवर 'दहा खेळ्यांत मात' असल्या नावाचे व्हिडिओ भरपूर आहेत. ते पाहून आलेला खेळाडू प्यादं देतो, समोरचा सापळ्यात सापडत नाही आणि मग पुढं काय करायचं ते याला कळत नाही. प्यादं देऊन आपल्याला नेमकं काय मिळालं, हे प्रत्येक फांदीत, म्हणजे समोरच्याच्या प्रत्येक उत्तरानंतर, सांगता आलं पाहिजे. लेखाचा सगळा रोख त्यावरच आहे.

१. काय काय लागेल

- खराखुरा पट आणि सोंगट्या. मोबाइलवर खेळ्या झरझर पुढं सरकतात आणि डोक्यात काही उरत नाही.
- एक वही. प्रत्येक फांदीला एक पान, आणि पानावर खेळ्यांपेक्षा कारणं जास्त.
- लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर खातं. फुकट आहे. तिथल्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये तुमच्या रेटिंगच्या आसपासचे खेळाडू प्रत्यक्षात काय खेळतात ते दिसतं. ग्रँडमास्टर काय खेळतात यापेक्षा सुरुवातीला हे जास्त कामाचं.
- स्टॉकफिश किंवा कुठलंही इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, पण फक्त डाव संपल्यावर.
- डेटाबेसमध्ये शोधायचं असेल तर ईसीओ क्रमांक (प्रत्येक सुरुवातीला दिलेला ठरलेला क्रमांक) सी५१ आणि सी५२.

या लेखात मी घरांची नावं ए ते एच आणि १ ते ८ अशी लिहिली आहेत, आणि मारण्यासाठी × ही खूण वापरली आहे. नुसतं घर लिहिलं असेल तर ती प्याद्याची खेळी, + म्हणजे शह, ! म्हणजे चांगली खेळी, आकड्यापुढं तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी, आणि 'घोडा जी-ई७' म्हणजे जी पट्टीवरचा घोडा ई७ वर. घरी आजोबांकडून देशी पद्धतीनं खेळायला शिकला असाल तर एवढं ध्यानात ठेवा: इथं प्यादं पहिल्या खेळीत दोन घरं जाऊ शकतं आणि राजाच्या अडीच घरांच्या उडीऐवजी कॅसलिंग असतं, म्हणजे एकाच खेळीत राजा हत्तीकडे दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येतो. या दोन नियमांशिवाय हा गॅम्बिट होतच नाही.

२. तिथवर पोचायचं कसं

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ ४. बी४.

यात तीन खेळ्या समोरच्याच्या हातात आहेत. त्यानं पहिल्याच खेळीला सी५ केलं तर सिसिलियन झाली, दुसऱ्या खेळीला घोडा एफ६ केला तर पेट्रॉफ. तिसऱ्या खेळीला उंटाऐवजी घोडा एफ६ वर आणला तर 'दोन घोड्यांचा बचाव'. या सगळ्यांसाठी तुमच्याकडे दुसरं काहीतरी साधं तयार हवं, मग ते डी३ सारखं मिळमिळीत असलं तरी चालेल.

नवख्यांचा पहिला सापळा इथंच आहे. हात सवयीनं चालतो आणि समोरचा उंट सी५ वर नसतानाही बी४ खेळलं जातं. तिथं उंटच नसेल तर बी४ कशावर हल्ला करणार? काळा घोड्यानं नाहीतर उंटानं प्यादं खातो आणि तुमच्या हाती काही लागत नाही. म्हणून चौथ्या खेळीआधी सी५ कडे एकदा बघा, मगच प्याद्याला हात लावा.

३. बी४ का?

प्यादं उंटावर हल्ला करतं. ४... उंट × बी४. आता ५. सी३, म्हणजे उंटावर पुन्हा हल्ला. त्याला परत हलावं लागतं आणि मग आपण डी४ खेळतो. हिशोब करा: काळ्याच्या पहिल्या पाच खेळ्यांपैकी तीन एकाच उंटानं खाल्ल्या. आपल्याला सी३ आणि डी४ या दोन खेळ्या इटालियनमध्ये तशाही हव्याच असतात. त्यातली पहिली इथं हल्ला करत आली.

शिवाय बी प्यादं गेल्यामुळं तीन वाटा उघडतात. बी३ वर वजीर आला की तो आणि सी४ चा उंट मिळून एफ७ वर नजर रोखतात. ए३ वर दुसरा उंट आला की काळ्याचं राजाकडचं कॅसलिंग अडतं. आणि बी ची उभी पट्टी हत्तीसाठी मोकळी होते. वहीच्या पहिल्या पानावर हे तीन मुद्दे लिहून ठेवा: वजीर बी३, उंट ए३, मधली प्यादी पुढं. डावात काय करावं ते सुचेनासं झालं की यातलं कुठलं राहिलंय ते बघायचं.

ही कल्पना कॅप्टन विल्यम डेव्हिस इव्हान्स या वेल्श दर्यावर्दीची. मिलफर्ड हेवन आणि आयर्लंडमधलं वॉटरफर्ड यांच्यात टपाल नेणाऱ्या जहाजावर तो कप्तान होता. १८२० च्या दशकात त्यानं ही खेळी शोधली, आणि १८३४ साली लंडनमध्ये ला बूर्दोने आणि मॅकडॉनेल यांच्या गाजलेल्या लढतींत ती पुन्हा पुन्हा खेळली गेली. तिथून पुढं एकोणिसावं शतक जवळजवळ तिचंच.

४. उंट ए५ वर गेला तर

सगळ्यात जास्त भेटणारी खेळी हीच, म्हणून निम्मा अभ्यास इथं करा.

५... उंट ए५ नंतर जुने लोक लगेच कॅसलिंग करायचे. तुम्ही ते करू नका. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

६. कॅसलिंग डी६ ७. डी४ उंट बी६! हा लास्करचा बचाव. इमॅन्युएल लास्कर २७ वर्षं जगज्जेता होता. त्याचा विचार सरळ होता: प्यादं परत हवंय ना, घ्या. ८. डी × ई५ डी × ई५ ९. वजीर × डी८+ घोडा × डी८ १०. घोडा × ई५ उंट ई६. मोजून बघा, प्यादी सारखी आहेत. पण वजीर गेले, हल्ला गेला आणि आपली ए आणि सी ची प्यादी एकटी पडली. पुढचा सगळा खेळ काळा त्या दोन प्याद्यांभोवती फिरणार. प्यादं परत मिळवलं म्हणून खूश होणारा नवखा खेळाडू इथं हळूहळू हरतो आणि नेमकं कुठं चुकलं ते त्याला सापडत नाही.

म्हणून ६. डी४ आधी.

आता ६... डी६ असेल तर ७. वजीर बी३! एफ७ वर दोघांचा मारा आहे आणि ते सांभाळणारा फक्त राजा. काळ्याची चांगली खेळी ७... वजीर डी७. दिसायला ओबडधोबड, कारण स्वतःच्याच उंटाची वाट अडते, पण खेळी पक्की आहे. तुम्ही ८. डी × ई५ खेळा. जाणकार काळा इथं ८... उंट बी६ करून प्यादं सोडून देतो, आणि डाव साधारण बरोबरीचा होतो. ८... डी × ई५ केलं तर कॅसलिंग करा, हत्ती डी१ वर आणा आणि उंट ए३ वर. डी७ वरचा वजीर अवघडून बसतो.

या फांदीत एक हत्यार कायम लक्षात ठेवा. ए५ वरच्या उंटाला आधार फक्त सी६ च्या घोड्याचा आहे. डी५ करून सी६ चा घोडा हलवला की वजीर ए४ वर शह, आणि त्याच दमात ए५ चा उंट. फार डाव यावर जिंकले जातात. पण डी५ खेळण्याआधी एक गोष्ट तपासा: तुमचा वजीर बी३ वर असेल तर तो घोडा डी४ वर उडी मारून वजिरावरच हल्ला करू शकतो. तिथली मारामारी शेवटपर्यंत मोजल्याशिवाय डी५ ला हात लावू नका.

६... ई × डी४ असेल तर ७. कॅसलिंग. इथं दुसरा सापळा. तुम्हाला वाटेल, सी × डी४ करून प्यादं परत घेऊ. घेताच येत नाही! ए५ चा उंट, मध्ये सी३ चं प्यादं आणि मागं ई१ वर राजा, सगळे एकाच तिरक्या रेषेत आहेत आणि डी२ रिकामं झालंय. ते प्यादं बांधलेलं आहे, खेळी नियमबाह्य ठरते. स्पर्धेत त्याबद्दल प्रतिस्पर्ध्याला जादा वेळ मिळतो आणि दुसऱ्यांदा असं झालं तर डावच जातो. आधी राजा हलवा.

सातव्या खेळीनंतर काळ्यापुढं मुख्य वाटा तीन.

पहिली, हावरटपणाची: ७... डी × सी३. आता तुम्ही तीन प्यादी मागं आहात. घाबरू नका, ८. वजीर बी३ खेळा. बॉबी फिशरनं १९६३ मध्ये न्यूयॉर्कला रुबेन फाइनविरुद्ध खेळलेला मैत्रीपूर्ण डाव पटावर मांडा. फाइन म्हणजे १९३० च्या दशकातल्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. ८... वजीर ई७ ९. घोडा × सी३ घोडा एफ६ १०. घोडा डी५! घोडा × डी५ ११. ई × डी५ घोडा ई५ १२. घोडा × ई५ वजीर × ई५ १३. उंट बी२ वजीर जी५ १४. एच४! वजीर × एच४ १५. उंट × जी७ हत्ती जी८ १६. हत्ती एफ-ई१+ राजा डी८ १७. वजीर जी३! आणि फाइननं डाव सोडला. वजिरानं वजीर मारला तर उंट एफ६ वर येऊन मात. शेवटची आकृती पाहताना काळ्याच्या ए८ च्या हत्तीकडे आणि सी८ च्या उंटाकडे बघा, दोघंही जागचे हललेले नाहीत. आपण प्यादी देऊन विकत घेतलेला वेळ तो हाच.

दुसरी वाट, शहाणपणाची: ७... उंट बी६ ८. सी × डी४ डी६. जुन्या पुस्तकांत याला 'नॉर्मल पोझिशन' म्हणतात. ९. घोडा सी३ खेळा. काळ्यानं निष्काळजीपणे ९... घोडा एफ६ केलं तर १०. ई५! डी × ई५ ११. उंट ए३ आणि त्याचा राजा मध्येच अडकला. ९... घोडा ए५ केलं तर १०. उंट जी५.

तिसरी, मला सगळ्यात त्रासदायक वाटणारी: ७... घोडा जी-ई७. काळा डी५ करून सगळं सोडवू पाहतो. ८. सी × डी४ डी५ ९. ई × डी५ घोडा × डी५ १०. वजीर बी३ किंवा उंट ए३, आणि खेळत राहायचं. इथं फार मोठी अपेक्षा ठेवू नका.

अ‍ॅडॉल्फ अँडरसननं १८५२ मध्ये बर्लिनला ड्युफ्रेनविरुद्ध खेळलेला 'सदाहरित डाव' याच फांदीतला. तिथं सातव्या खेळीला काळ्यानं प्यादं डी३ वर ढकललं होतं. वजीर देऊन चोविसाव्या खेळीला उंटानं मात होते. शिकण्यासाठी फिशरचा डाव जास्त चांगला, पण रविवारी सकाळी चहा घेत पाहायला हाच.

५. उंट ई७ वर गेला तर

हा बचाव खेळणारा माणूस सहसा तयारी करून आलेला असतो. उंट घरी परततो, राजाभोवती राहतो, ए५ वरच्या लटक्या उंटाची भानगडच नाही.

६. डी४ घोडा ए५. सी४ च्या उंटावर हल्ला. सरळ वाट ७. घोडा × ई५ घोडा × सी४ ८. घोडा × सी४ डी५, आणि काळा सुटला. गॅरी कास्पारॉव्हनं १९९५ मध्ये रिगा इथं ताल स्मृती स्पर्धेत आपल्या विश्वनाथन आनंदविरुद्ध वेगळं केलं: ७. उंट ई२! प्यादं नको, उंट राखायचा. ७... ई × डी४ ८. वजीर × डी४! प्याद्यानं न घेता वजिरानं, कारण जी७ वर लगेच दडपण येतं. ८... घोडा एफ६ ९. ई५ घोडा सी६ १०. वजीर एच४ घोडा डी५ ११. वजीर जी३ जी६. जी६ करावं लागलं म्हणजे काळी घरं उघडी पडली. पुढं १५. उंट एच६ आला आणि कॅसलिंगची आशा संपली. २५. हत्ती ई१ नंतर आनंदनं डाव सोडला. दोघं त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जगज्जेतेपदासाठी समोरासमोर बसले, त्याच्या काही महिने आधीची ही गोष्ट. शंभर वर्षांपूर्वीची, कपाटात टाकलेली सुरुवात त्या पातळीवर आनंदविरुद्ध चालली, यावरूनच मला हा गॅम्बिट गंभीरपणे घ्यावासा वाटला.

हा डाव पूर्ण मिळवा आणि पटावर हळूहळू खेळा. प्रत्येक पांढऱ्या खेळीआधी थांबून स्वतःची खेळी वहीत लिहा, मग कास्पारॉव्हची बघा.

६. बाकीच्या जागा, थोडक्यात

५... उंट सी५: ६. डी४ ई × डी४ ७. कॅसलिंग. लगेच ७. सी × डी४ केलं तर उंट बी४ वर शह देतो आणि तुमची लय मोडते, म्हणून राजा आधी. इथं काळ्यानं ७... डी × सी३ खाल्लं तर ८. उंट × एफ७+! राजा × एफ७ ९. वजीर डी५+ आणि सी५ चा उंट परत मिळतो. काळ्याचा राजा उघड्यावर राहतो. हीच युक्ती उंट ए५ वर असताना करू नका, तिथं त्या उंटाला सी६ च्या घोड्याचा आधार असतो. ७... डी६ ८. सी × डी४ उंट बी६ झालं तर मघाचीच नॉर्मल पोझिशन.

५... उंट डी६: विचित्र दिसते, पण खेळतात. उंट स्वतःच्याच डी प्याद्यासमोर बसतो, त्यामुळं त्याचा सी८ चा उंट बाहेर यायला वेळ लागतो. डी४, कॅसलिंग, हत्ती ई१. घाई नाही.

४... घोडा × बी४: ५. सी३ घोडा सी६ ६. डी४. वरच्यासारखाच खेळ.

७. प्यादं घेतलंच नाही तर

४... उंट बी६. हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होईल, कारण गॅम्बिट शब्दानंच अर्धे लोक दचकतात. ५. ए४ खेळा, धमकी ए५ ची. बहुधा ५... ए६ येतं. मग ६. घोडा सी३ आणि पुढं घोडा डी५. वजिराकडच्या बाजूला तुम्हाला फुकटात जागा मिळाली, प्यादंही शाबूत. कुरकुर करण्यासारखं काही नाही.

मोह मात्र टाळा. ५. बी५ करून घोडा हाकलायचा आणि ५... घोडा ए५ ६. घोडा × ई५ असं प्यादं खायचं, हे फार गोड दिसतं. ६... वजीर जी५! एकाच वेळी ई५ चा घोडा आणि जी२ चं प्यादं. यातून नीट बाहेर पडणं अवघड आहे.

४... डी५ असा उलटा गॅम्बिटही आहे. ५. ई × डी५ घोडा × बी४ ६. कॅसलिंग करून शांतपणे खेळा.

८. सराव कसा करायचा

सुरुवात दहा-पंधरा मिनिटांच्या डावांनी करा. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये जिंकाल बरेच, पण का जिंकलात ते कळणार नाही. प्रत्येक डावानंतर इंजिन लावण्याआधी वहीत एक ओळ लिहा: पंधराव्या खेळीला काळ्याचा राजा कुठं होता? मध्येच असेल तर गॅम्बिट चालला, निकाल काहीही असो. कॅसलिंग करून आरामात बसला असेल तर मागं जाऊन कुठली खेळी संथ होती ते शोधा. बहुतेकदा ती एच३ असते.

इंजिन साधारण बरोबरी दाखवेल, कधी काळ्याला किंचित वरचढ. त्यानं खचू नका. ते दाखवत असलेली बरोबरी टिकवण्यासाठी काळ्याला ओळीनं अचूक खेळ्या सापडाव्या लागतात, आणि समोर स्टॉकफिश नाही, तुमच्याइतकाच घड्याळाकडे बघणारा माणूस आहे.

आपण प्याद्यानं मागं असताना वजिरांची मारामारी टाळा. समोरचा देऊ करतोय म्हणून घेऊ नका, वजीर बाजूला घ्या. अपवाद एकच, मारामारीनंतरही त्याचा राजा मध्येच अडकून तुमच्या हत्तींच्या तोंडी येत असेल तर.

मिखाईल चिगोरिनचे डाव जरूर शोधा. १८८९ मध्ये हवानाला स्टाइनिट्झविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात त्यानं हा गॅम्बिट पुन्हा पुन्हा खेळला. सामना हरला, पण १८९०-९१ मध्ये दोघांनी तारेनं दोन डाव खेळले तेव्हा इव्हान्सचा डावही जिंकला आणि दुसराही. बचाव करणारा स्टाइनिट्झ मिळेल ते घेऊन चिकाटीनं बसणारा होता, त्यामुळं काळ्याच्या बाजूनं कितपत तग धरता येतो हेही त्या डावांतून दिसतं.

आणि काही डाव काळ्या बाजूनंही खेळा. मित्राला सांगा, तू बी४ खेळ. एकदा ए५ चा उंट सांभाळत बसलात, एकदा ई७ ला परतलात, की पांढऱ्याच्या कुठल्या खेळीनं खरोखर पोटात गोळा येतो ते आपोआप कळतं. त्या खेळ्या वहीत वेगळ्या रंगानं लिहा आणि पुढच्या डावात पांढरे घेतलेत की त्याच आधी तपासा.